तपासणीची गादी

त्या इमारतीत एक गादी होती आणि ती कुणाचीच नव्हती. तिचा कापूस एका बाजूला गोळा झालेला, मध्ये खड्डा, आणि एका कोपऱ्यातून तो असा लोंबे की बघणाऱ्याला वाटावं, आत्ताच उंदरांनी ओढून काढलाय. खरं तर तो कोपरा दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी कात्रीने नीट उसवला होता आणि कापूस आणखी सांडू नये म्हणून आतून दोन टाके घातले होते. फाटकेपणा टिकायला हवा होता. गादीला अजून बरीच घरं फिरायची होती.

सोमवारी सकाळी ती तिसऱ्या मजल्यावर मुंगीच्या आईकडे निघाली.

"जिन्याला घासू देऊ नका," शिंपीणकाकू मागून ओरडत होत्या.

"आधीच फाटकी आहे. आणखी काय फाटणार?" मुंगीची आई म्हणाली.

"म्हणूनच सांगते. फार फाटली तर साहेबाला खोटी वाटेल."

जिन्यातल्या बायका हसल्या. मुंगीची आईही हसली. ती एका मोठ्या धुलाईघरात कामाला होती. शहरातल्या हॉटेलांच्या चादरी तिथे येत. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, चादरीची टोकं धरायची, झटकायची, चार पावलं पुढे, घडी, पुन्हा मागे. दिवसभरात चारशे चादरी तिच्या हातांखालून जात, पांढऱ्याशुभ्र, इस्त्रीने कडक झालेल्या. त्यात एखादी विरलेली निघाली तर तिच्यावर 'बाद' असा शिक्का बसे आणि तिची फडकी होत. हॉटेलात झोपणाऱ्याच्या पाठीला एवढंसं भोक चालत नाही. आणि घरी मात्र ती आज भोकाची गादी मानाने अंथरत होती, कारण उद्या तपासनीस येणार होता.

सरकार कमी उत्पन्नाच्या घरांना मुलांसाठी दरमहा भत्ता देई. मूल दहा वर्षांचं होईपर्यंत. मुंगीला दहावं लागलं, ते संपलं आणि तिचा भत्ता बंद झाला. त्या दिवशी आजीने, म्हणजे मुंगीच्या आईच्या सासूने, कागद हातात घेऊन विचारलं होतं, "दहा वर्षांची झाली की पोर खायचं सोडते का? उलट तेव्हाच तर सुरू होतं!" याला उत्तर नव्हतं, कारण हा प्रश्न कार्यालयात नव्हे, स्वयंपाकघरात विचारला गेला होता.

आता योजना वाढली होती. सोळा वर्षांपर्यंत, असं चौकाचौकातल्या फलकांवर लिहिलं होतं. फलकावर एक गुबगुबीत मुलगी दूध पीत होती. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, ती कुणी वाचली नव्हती: सर्व लाभार्थ्यांची घरभेटीद्वारे फेरतपासणी.

घरभेट म्हणजे काय ते इमारतीला चांगलं ठाऊक होतं. अर्जाच्या मागच्या बाजूला सात वस्तूंची यादी असे. वर शीर्षक, 'सुबत्तेच्या खुणा'. सातपैकी एक जरी घरात दिसली तरी घर अपात्र. मुंगी नऊ वर्षांची असताना यादीचा तो अर्ज पहिल्यांदा घरी आला, तेव्हा मुंगीच्या बापाने तो मोठ्याने वाचून दाखवला होता.

"तिसरी खूण, शीतकपाट."

"आपल्याकडे साधं कपाट नाही, तर शीत कुठलं?" आजी म्हणाली.

"अगं आई, शीतकपाट म्हणजे फ्रीज."

मग कुणी हसलं नाही. कारण फ्रीज होता. छोटा, एका दाराचा, जुन्या बाजारातून आणलेला. आणि तो सुबत्तेसाठी आणलेला नव्हता.

मुंगीला मुंगी हे नाव पडलं ते ती रांगत असताना, जमिनीवरचा कण न् कण वेचायची म्हणून. ती आठ वर्षांची झाली तेव्हा न्हाणीघराच्या मोरीपाशी खऱ्या मुंग्यांची रांग लागली. आजीनेच ती पाहिली. दोन दिवस पाहिली, तिसऱ्या दिवशी सुनेला म्हणाली, "ही पोर पाणी किती पिते बघितलंस? आणि तिथे मुंग्या लागतायत. दवाखान्यात ने हिला." आजी शाळेत गेली नव्हती, पण तिचं निदान बरोबर निघालं. पोरीला साखर झाली होती, गोळ्यांनी न भागणारी. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचायचं, आयुष्यभर. बाटल्या दवाखान्यातून फुकट मिळत, पण त्या थंड ठेवायच्या, असं डॉक्टरांनी बजावलं. या गावात उन्हाळ्यात भिंतीसुद्धा घाम गाळत. म्हणून फ्रीज.

मुंगीचा बाप रंगारी होता. लोकांच्या घरांना मोतिया, गुलाबी, आकाशी रंग देऊन तो संध्याकाळी ज्या घरी परते, त्या स्वतःच्या घराच्या भिंती धुरकट होत्या. उरलेला रंग डब्यात सुकून जाई. "रंगाऱ्याचं घर बिनरंगाचं," शेजारी चेष्टा करत. "रंगवलं तर साहेब म्हणेल, चैन चाललीय," तो उत्तर देई. चेष्टा नव्हती ती. तो खरंच घाबरत होता.

तर सोमवारी गादी वर आली आणि फ्रीज खाली गेला. तळमजल्यावर घड्याळमामांची खोली होती. घड्याळं दुरुस्त करणारा हा म्हातारा माणूस एकटा होता. मूलबाळ नाही, म्हणून भत्ता नाही, म्हणून त्यांच्या दारात तपासनीस येत नसे. त्यामुळे ज्याची घरभेट असेल त्याची अडचण मामांच्या खोलीत जाऊन बसे. शिंपीणकाकूंचं शिवणयंत्र, कुणाचा टीव्ही, कुणाची सायकल. "सगळ्या इमारतीची श्रीमंती माझ्याकडे गहाण आहे," मामा म्हणत, "आणि मी मात्र भिकारी."

दोर बांधून, जिन्याच्या प्रत्येक वळणावर शिव्या देत, रंगाऱ्याने आणि मामांनी फ्रीज उतरवला. मुंगी मागून येत होती, औषधाचा स्टीलचा डबा छातीशी धरून.

"मामा, यात माझ्या दोन्ही बाटल्या आहेत. गार राहिल्या पाहिजेत."

"पोरी, मी लोकांची लाखमोलाची घड्याळं सांभाळतो. तुझ्या दोन बाटल्या नाही सांभाळणार?"

"घड्याळं मरत नाहीत, मामा."

"तू फार बोलतेस," मामा म्हणाले आणि डबा घेतला.

वर आल्यावर मुंगीने गादीवर बसून पाहिलं, खड्ड्यात रुतली आणि आईला विचारलं, "उद्या मी किती बारीक दिसू? गाल आत ओढू का?" तिने दोन्ही गाल आत ओढले, डोळे मोठे केले. धाकटा भाऊ खदखदून हसला. आईने तिच्या डोक्यात हलकेच टपली मारली. "नाटकं पुरे. साहेबांसमोर गप्प बसायचं."

मंगळवारी तपासनीस आला नाही.

नियम असा होता की भेटीच्या वेळी आई किंवा बाप घरात हवा आणि मूल डोळ्यांना दिसलं पाहिजे. घर बंद आढळलं तर प्रकरण बंद, पुन्हा अर्ज पुढल्या वर्षी. भेटीचा दिवस कळवत, वेळ कळवत नसत, आणि दिवसही पाळत नसत. मुंगीच्या आईने धुलाईघरातला खाडा केला, मुंगीची शाळा बुडाली. बुधवारी पुन्हा तेच. मुलांनी शाळेत टिकावं हा योजनेचा एक हेतू म्हणून फलकावर लिहिला होता.

बुधवारी दुपारी धुलाईघरातली जोडीदारीण डबा खायच्या सुट्टीत धापा टाकत येऊन गेली. "मुकादम विचारतोय. तुझ्या जागी नवीन पोरगी उभी केलीय. चादरीचं टोक कुठलं आणि बाजू कुठली तेही कळत नाही तिला. उद्या ये बाई, नाहीतर माझे हात मोडतील आणि तुझी नोकरी."

"साहेब आला की लगेच येते."

"आणि नाही आला तर?"

"यायला हवा ना!"

औषध आणायला मुंगीची आई सकाळ-संध्याकाळ खाली जात होती. मामा बाटली मुठीतून द्यायचे. बाटली गार नसायची, मामांच्या तळहाताची ऊब लागलेली असायची. बुधवारी सकाळी तिला आत बारीक कण तरंगताना दिसले. हे औषध एरवीही गढूळच असतं, तळहातात घोळवून घ्यायचं असतं. तिने घोळवलं. कण राहिले. तिला वाटलं, जिन्यात अंधार आहे. टोचून झाल्यावर पुन्हा दारात उभी राहिली, जिन्यावर पावलं वाजतायत का ते ऐकत.

मुंगी सारखं पाणी मागत होती. "उकाडा आहे," आजी म्हणाली. उकाडा होताच. साखर तपासायच्या पट्ट्या संपल्या होत्या. त्या भत्ता आला की आणायच्या ठरल्या होत्या.

गुरुवारी सकाळी मुंगीला दोनदा ओकारी झाली. ती तपासणीच्या गादीवर आडवी झाली आणि उठली नाही. श्वास भरभर चालला होता, जिने चढून आल्यासारखा. आईने ओढणी घेतली. "मी हिला दवाखान्यात नेते."

"थांब," आजी दारातून म्हणाली. "तो पलीकडच्या इमारतीत आलाय. शिंपीण स्वतः बघून आली. आता आपलीच इमारत. अर्धा तास थांब, मग जा. आत्ता गेलीस तर वर्ष गेलं."

मुंगीची आई ओढणी हातात धरून उभी राहिली.

हे वाचताना ज्यांच्या मनात येतं, आई असून थांबली कशी, त्यांनी एक करून पाहावं. पोरीच्या वर्षभराच्या पट्ट्या, सुया, दूध आणि शाळेचे बूट एका बाजूला ठेवावेत, दुसऱ्या बाजूला अर्धा तास. आणि मग स्वतःच्या पोरीला उकाड्यानेही ओकारी होते हे आठवून पाहावं. ती मूर्ख नव्हती. तिला शिकवलं गेलं होतं की या दारात कागद आधी येतो, मग माणूस.

त्यात आणखीही एक होतं, जे तिने पुढे कुणाला सांगितलं नाही. क्षणभर तिच्या मनात आलं, आजारी पोर बघून साहेब लवकर सही करील.

अर्ध्या तासाचा तास झाला. मग तपासनीस आला.

तो काही राक्षस नव्हता. शर्ट पाठीला चिकटलेला, बुटांवर धूळ, काखेत फायलींचा गठ्ठा. आल्या आल्या त्याने पाणी मागितलं आणि पिऊन झाल्यावर पेला स्वतः उचलून ओट्यावर ठेवला. एका दिवसात पस्तीस घरं करायची होती त्याला. तो गादीकडे बघून फारसा बधला नाही. गेल्या महिन्यात याच इमारतीत त्याने ती तीनदा पाहिली होती, पण त्याने ते बोलून दाखवलं नाही.

"मूल कुठे आहे?"

"हे काय. बरं नाहीये तिला."

"उठवा जरा. फोटो घ्यावा लागतो."

"निजलेलीचा घ्या ना, साहेब," आजी म्हणाली.

"डोळे उघडे लागतात, आजी. मिटलेले असले तर यंत्र फोटो घेत नाही."

आईने मुंगीचं डोकं मांडीवर घेतलं. "मुंगे, डोळे उघड गं. एकदाच उघड."

मुंगीने डोळे उघडले. ते कुणाकडेच बघत नव्हते. ओठ सुकून त्यांना भेगा पडल्या होत्या. तपासनिसाने मोबाईल समोर धरला तेव्हा ते ओठ हलले आणि आईने ऐकण्यासाठी कान खाली नेला.

"गाल… आत ओढू?"

गाल आतच होते. तीन दिवसांत ते आपोआप आत गेले होते. आईच्या नाकाशी मुंगीचा श्वास आला. त्याला कुजत आलेल्या फळासारखा गोड वास होता.

"झालं," तपासनीस म्हणाला. "आता वस्तूंची यादी." त्याची नजर भिंतींवरून फिरली आणि खिडकीजवळच्या कोपऱ्यात थांबली. तिथे धुरकट भिंतीवर, कमरेएवढ्या उंचीचा एक स्वच्छ चौकोन होता. रंगाऱ्याच्या घरात रंगाचीच खूण राहिली होती. "इथे काय होतं?"

"कपडे ठेवायची पेटी," आजी म्हणाली.

"फ्रीज होता," मुंगीची आई म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "आहे. खाली ठेवलाय. हिचं इन्सुलिन ठेवायला आणलाय. लिहा काय लिहायचं ते."

तपासनिसाने पेन खाली केलं. "औषधासाठी? मग चालतो की."

"काय चालतं?"

"औषधासाठी असलेला फ्रीज. योजना वाढली तेव्हाच नियम बदलला. परिपत्रक येऊन तीन महिने झाले. या अर्जांवर नाहीये ते, हे जुन्या छपाईचे आहेत. आधीचे संपल्याशिवाय नवीन छापत नाहीत."

खोलीत पंखा नव्हता, तोही मामांकडे होता. 

"तीन महिने," मुंगीची आई म्हणाली. "मग सांगितलं का नाही?"

तपासनिसाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, आश्चर्य होतं. तो खरं तेच बोलला.

"कुणी विचारलंच नाही."

तिने मुंगीला उचललं. अकरा वर्षांची पोर, पण हाताला धुतलेल्या चादरीएवढी हलकी लागली. "बाई, सही राहिली," तो मागून म्हणाला. सवयीने म्हणाला, आणि मग त्याचा त्यालाच तो शब्द नको झाला असावा, कारण फायली तिथेच टाकून तो जिना उतरून पुढे धावला आणि रिक्षा अडवून उभा राहिला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मुंगीच्या श्वासाचा वास घेतला आणि पुढचे प्रश्न हात चालवता चालवता विचारले. औषध चुकलं होतं का? नाही. दोन्ही वेळ दिलं? दिलं. बाटली कुठे ठेवली होती? दाखवा. आजीने पदरातून बाटली काढली. डॉक्टरीणबाईंनी ती उजेडाकडे धरली.

"हे गोठलं होतं का कधी?"

"नाही हो, गोठेल कसं?"

"गोठलं होतं," मागून आवाज आला. घड्याळमामा चपला न घालताच आले होते. "सोमवारी. फ्रीज हलवण्यात दोन तास बंद राहिला. मला वाटलं, औषध तापलं असेल. म्हणून लवकर गार व्हावं म्हणून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. संध्याकाळी बघतो तर दगड. मग दर वेळी तळहातात धरून वितळवलं. पाणीच झालं पुन्हा. मला वाटलं…" त्यांनी स्वतःचा उजवा तळहात उघडला आणि त्याकडे बघत राहिले. "गारठून बंद पडलेलं घड्याळ असं हातात धरलं की चालू होतं, डॉक्टर. पन्नास वर्षं मी तेच करतोय."

"हे औषध एकदा गोठलं की मेलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीन दिवस हिला पाणीच टोचलंय तुम्ही. तासभर आधी का नाही आणलंत?"

मुंगीच्या आईने मुंगीचे पाय चोळायला घेतले. रंगारी धावत आला तेव्हा त्याच्या केसांत पिवळा रंग होता. मामा दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. त्यांना घरी चला म्हणायला मुंगीची आईच गेली. "मामा, तुम्ही नाही केलंत हे."

"मग कुणी केलं गं?"

तिने पायरीवर त्यांच्या शेजारी बसून खूप विचार केला. मामांनी नाही. सासूने नाही. त्या घामेजलेल्या माणसानेही नाही. एका मरू घातलेल्या पोरीभोवती सगळी भलीच माणसं उभी होती. जुने अर्ज वाया जाऊ नयेत हे ज्याने ठरवलं, तो तेवढा तिथे नव्हता. त्याला ही पायरी कधी दिसणार नव्हती.

चौथ्या दिवशी मुंगीने डोळे उघडले, ते आपणहून. आईकडे नीट बघितलं आणि विचारलं, "फोटो चांगला आला का?"

पुढल्या आठवड्यात तपासनीस पुन्हा आला. या वेळी हातात एकच फाईल होती आणि पोरीसाठी चित्रं रंगवायची वही. तो दारातच घुटमळला.

"बाई, प्रकरण मी उघडं ठेवलंय. पण फ्रीज दाखवायचा तर डॉक्टरांचा दाखला, मग वरच्या साहेबांची सही, मग समिती. चार-सहा महिने सहज जातील. त्यापेक्षा मी 'शीतकपाट नाही' असं लिहितो. पुढच्या महिन्यापासून भत्ता सुरू. मी बघितलंच नाही, असं समजा."

रंगाऱ्याने बायकोकडे पाहिलं. आजीने पाहिलं. फ्रीज परत कोपऱ्यात आला होता आणि घुरघुरत होता. सहा महिने म्हणजे काय, ते त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

"'आहे' लिहा," मुंगीची आई म्हणाली.

"अहो, तुमच्या भल्यासाठीच म्हणतोय."

"कळतंय साहेब. तुम्ही माणूस चांगले आहात. पण तुमच्या कागदावर जे 'नाही' दिसावं लागतं, ते लपवता लपवता माझी पोर नाहीशी होत होती. 'आहे' लिहा. आणि खाली लिहा, कशासाठी आहे."

त्याने लिहिलं. तिने सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.

तो गेल्यावर तासाभराने शिंपीणकाकू वर आल्या, हातांत दोर. "तुझं झालं ना? गादी दे. उद्या माझी तपासणी. यंत्र मामांकडे टाकून आले."

मुंगीच्या आईने गादी भिंतीला उभी केली होती. ती खाली घेतली. उसवलेल्या कोपऱ्याशी शिंपीणकाकूंचे दोन टाके होते, ते तिने दातांनी तोडले. मग धुलाईघरात बाद चादर फाडतात तशी, दोन्ही हातांत कापड धरून, एका झटक्यात तिने खोळ टोकापर्यंत फाडली. तो आवाज चारही मजल्यांवर गेला. कापूस सगळ्या खोलीभर झाला आणि धाकटा त्यात नाचायला लागला.

"अगं, वेड लागलं का तुला? उद्या माझी तपासणी आहे!"

"यंत्र वर आणा काकू. त्यावर तुम्ही दोन पोरं पोसता. ते काय पाप आहे लपवायला?"

"आणि भत्ता गेला तर? तू देणार आहेस?"

"मी कुठून देऊ? माझाच आला नाहीये."

"मग?"

"त्या दिवशी तो साहेब काय म्हणाला, सांगू? कुणी विचारलंच नाही. खोटं नव्हतं ते. आपण कधी विचारलंच नाही. आपण गाद्या फिरवल्या." तिने फाटक्या खोळीची घडी घालायला घेतली, नंतर ती टाकून दिली. "उद्या मी विचारायला चाललेय. तुम्ही या नाहीतर नका येऊ."

शिंपीणकाकूंनी तोंडावर पदर धरला. "या बाईने माझ्या टाक्यांची वाट लावली," एवढंच पुटपुटत त्या खाली गेल्या. थोड्या वेळाने जिन्यात काहीतरी जड वस्तू घासत वर चढवल्याचा आवाज आला, आणि त्यांची शिवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी भत्ता कार्यालयाच्या खिडकीसमोर अकरा बायका उभ्या होत्या. कुणी कामाचा खाडा करून, कुणी कडेवर मूल घेऊन. धुलाईघरातली जोडीदारीणही होती. मुकादमाला तिने सांगितलं होतं की दुसरं टोक धरायला कुणी नसेल तर चादरीची घडी होत नाही. रांगेच्या शेवटी अनवाणी घड्याळमामा उभे होते, ज्यांना मूलबाळ नव्हतं.

"काय हवंय?" खिडकीतल्या बाबूने मान वर न करता विचारलं. "अर्ज संपलेत."

"अर्ज नको. विचारायचंय."

"काय?"

"औषधाचा फ्रीज चालतो हे आम्हाला कुणी सांगायचं होतं? शिवणयंत्र चालतं का? पंखा चालतो का? परिपत्रकात आणखी काय काय चालतं, जे आम्ही लपवतोय? आणि दहावं सरलं तेव्हापासून सोळाची घोषणा होईपर्यंत, त्या वर्षभरात माझी मुलगी तुमच्या हिशेबी कोण होती?"

बाबूने आता मान वर केली. समोर एक चेहरा नव्हता, अकरा होते, आणि मागे रस्त्यावरचे लोक थांबायला लागले होते. "जेवणाची सुट्टी झाली," तो म्हणाला. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते.

त्याने खिडकीचं दार ओढलं. ते मिटलं नाही. चौकटीत मुंगीच्या आईचा कोपर होता, इस्त्रीच्या जुन्या चटक्यांनी काळवंडलेला. तिने तो तसाच ठेवला.

"जेवून या," ती म्हणाली. "आम्ही इथेच आहोत. अजून पुष्कळ विचारायचंय."